व्हर्नन काउंटीतील शिकार: 900 डॉलरची जमीन आणि 400 मीटरची घळ

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम 2024 साली 23 नोव्हेंबरपासून 1 डिसेंबरपर्यंत होता, आणि त्यातील पहिले तीन दिवस मी तिथल्या व्हर्नन काउंटीतील व्हिरोक्वा गावाजवळच्या एका खासगी जमिनीवर 900 डॉलर भरून वाया घालवले. मालकाने पाठवलेल्या ट्रेल कॅमेऱ्याच्या (रानात बांधलेल्या, आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या) छायाचित्रांत दहा टोकांच्या शिंगांचा थोराड नर दिसत होता, यात खोटे काही नव्हते. मात्र त्याच्या शिंगांवर अजून मखमल, म्हणजे वाढत्या शिंगांवरची लवदार कातडी, होती. मखमल सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत गळून पडते, म्हणजे छायाचित्र उन्हाळ्यातले; आणि मखमल गळाल्यावर नर अनेकदा आपला वावर बदलतात. शिवाय वेळ रात्री 1 वाजून 50 मिनिटे. शिकागोहून चार तास गाडी चालवून येणाऱ्या माणसाला एवढे तरी दिसायला हवे होते. भाडे भरण्यापूर्वी नोव्हेंबरमधले, दिवसाउजेडीचे छायाचित्र मागावे. ते मिळाले नाही तर तो व्यवहार सोडून द्यावा.

चौथ्या दिवशी मी कुंपणापलीकडच्या जमिनीत गेलो. ती 'मॅनेज्ड फॉरेस्ट लॉ' या राज्याच्या वनकायद्याखाली लोकांना खुली ठेवलेली होती. अशा जमिनीच्या मालकाला करात सवलत मिळते आणि शिकाऱ्याला परवानगी मागावी लागत नाही, पैसेही द्यावे लागत नाहीत. अशा जमिनींचा नकाशा राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या संकेतस्थळावर आहे. तो आधी न पाहिल्याचा राग अजून उतरलेला नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस हरणांच्या माजाचा मुख्य काळ सरलेला असतो आणि पहिल्या शनिवार-रविवारच्या गोळीबारानंतर चार-पाच वर्षांचा नर उघड्या शेताकडे दिवसा फिरकत नाही. वायव्येचा वारा असला तर तो डोंगरधारेच्या आग्नेय अंगाला, उताराच्या वरच्या तिसऱ्या भागात बसतो. पाठीमागचे सारे त्याला वासाने कळते आणि खालचे डोळ्यांनी दिसते. म्हणून मी पहाटे ओढ्यातून चालत जाऊन ईशान्येकडच्या शेजारच्या सोंडेवर बसलो, जेणेकरून माझा वास त्याच्या बाजूने निघून जावा. काटेरी रानगुलाबाच्या जाळीत मनगटाएवढ्या झाडाची साल नराने शिंगांनी ताजी घासलेली होती. पावणेबारा वाजता, इतर शिकारी जेवायला मोटारींकडे परतत असताना, तो उठला, त्याने पाठ ताणली आणि आडवा उभा राहिला. पोट किंचित लोंबणारे, मान सरळ छातीत उतरलेली, म्हणजे वयस्कर नर. अंतर 110 मीटर. गोळी एकच लागली. दुपारपर्यंत जागा सोडू नये, हे मी आता कोणालाही ठामपणे सांगेन.

आनंद घळ लागेपर्यंतच टिकला. अशा खुल्या जमिनीत मोटारवाहन नेता येत नाही आणि आतडी काढल्यावरही नराचे वजन 75 किलोच्या आसपास भरत होते. 400 मीटरची ती घळ ओलांडायला मला साडेचार तास लागले: दहा पावले ओढायचे, थांबायचे, शिंगे वेलींतून सोडवायची. नुसती दोरी नेऊ नये. प्लास्टिकची घसरपट्टी आणि एक सोबती असल्याखेरीज त्या बाजूने उतरूच नये.

मारलेल्या हरणाची नोंदणी दुसऱ्या दिवशी सायंकाळी 5 पर्यंत करावी लागते. या भागात हरणांचा क्रॉनिक वेस्टिंग हा मेंदूचा जीवघेणा रोग आहे. तो या राज्यात 2002 साली प्रथम आढळला. शिंगे काढून, मानेचा निदान पाच इंच भाग ठेवून डोके तपासणीच्या पेटीत टाकावे आणि निकाल येईपर्यंत मांस वेगळे गोठवावे. डोके टाकण्यापूर्वी मी खालचा जबडा पाहिला: पहिली मोठी दाढ जवळजवळ सपाट झाली होती, तेव्हा वय साडेपाच वर्षे तरी असावे.

त्यानंतरचे दोन दिवस घरच्या मंडळींसोबत छान गेले. माझा उजवा खांदा डिसेंबरच्या मध्यापर्यंत दुखत होता, त्यामुळे साडेचार तासांचा आकडा थोडा फुगलेला असू शकेल. 900 डॉलरचा मात्र नाही.