डाव्या मनगटातली थरथर

दोन वर्षं लघवीला फेस यायचा. पाणी कमी पीत असेन, असं म्हणून मी सोडून दिलं. पाय सुजून चपलेचे पट्टे रुतायला लागले तेव्हा तपासण्या केल्या. लघवीतून प्रोटीन जात होतं आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा, ६.४ पर्यंत साचलं होतं. सूज, लघवीतलं प्रोटीन आणि बिघडलेलं मूत्रपिंड यांचा संबंध लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्येच दाखवला होता. तेव्हा लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. प्रोटीन असलं की ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठे. इतक्या साध्या तपासणीत कळणारं दुखणं मी दोन वर्षं अंगावर काढलं, याचं आजही वाईट वाटतं.

नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "डायलिसिस लगेच नको, पण फिस्टुला आत्ताच करून घ्या." फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी हातातली धमनी शिरेला जोडायचं ऑपरेशन. मी ते चार महिने टाळलं. मग एका रात्री धाप लागली आणि मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, घालून डायलिसिस करावं लागलं. कुशीवर वळायची भीती, ते भिजायची भीती. एकदा तर मशीनवर असतानाच हुडहुडी भरून ताप आला.

शेवटी हात बधिर करून डाव्या मनगटात धमनी शिरेला जोडली. धमनीतलं रक्त जोरात आलं की शीर फुगते, जाड होते, आणि पुन्हा पुन्हा सुया सोसते. डॉ. कोल्फ यांनी १९४३ मध्ये जर्मनव्याप्त नेदरलँड्समध्ये लाकडी पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून डायलिसिसचं मशीन बनवलं, पण दर वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागे. त्या संपल्या की उपचार थांबे. १९६० मध्ये सिॲटलच्या स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसवली. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो आणि ॲपेल यांनी फिस्टुलाची पद्धत मांडली. माझ्यासारख्याला आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनवर बसता येतं ते या शिरेमुळे.

शीर जाड व्हावी म्हणून दीड महिना रबरी चेंडू दाबत होतो. त्या हाताचं बीपी घेऊ द्यायचं नाही, त्यातून रक्त काढू द्यायचं नाही, पिशवी अडकवायची नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही. रोज सकाळी उठल्याबरोबर मनगटाला बोटं लावून शिरेत जोरात येणाऱ्या रक्ताची थरथर बघायची. ती लागली नाही तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

पहिल्या दिवशी सुया चांगल्याच दुखल्या. पण पुढे दोन आठवडे डायलिसिस नीट झालं आणि मानेतलं कॅथेटर निघालं. जखम सुकल्यावर तीन महिन्यांत पहिल्यांदा डोक्यावरून पाणी घेतलं. बादली संपली तरी उठवेना.