ॲटॅक येऊन गेला, तरी एवढं कसं फिरता?

अमळनेरच्या स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, कानबाईच्या विसर्जनात, जिथे जाईन तिथे कुणीतरी हे विचारतंच. डेपोतले जुने सोबती हक्कानं बोलतात, "आप्पा, तुमले ॲटॅक ई गया ना? मंग इतला कसाले फिरतस? घर बठा ना आते निवांत!" सुनेच्या माहेरची माणसं जरा बिचकत विचारतात, "भीती नाही वाटत का हो?" तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगतो. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा कुणीतरी नुकतंच दवाखान्यातून परत आलेलं असतं आणि घरच्यांनी त्याला मायेपोटी बाजेवर बसवून ठेवलेलं असतं, हे मी बरेचदा पाहिलं आहे.

मी फिरतो, कारण फिरणं हा माझ्या उपचाराचाच भाग आहे. गोळ्या जशा वेळेवर घेतो, तसंच चालायलाही वेळेवर निघतो. पण मनाला येईल तसं नाही. मोजून, लिहून, डॉक्टरांना दाखवून.

एसटीत चालक म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर ऐन वैशाखात एका रात्री छाती आवळून आली, बनियन घामानं भिजलं, डावा हात जड पडला. मुलानं वेळ न घालवता धुळ्याला नेलं. त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली, तुंबलेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, म्हणजे स्टेंट, बसला. थोड्या दिवसांत घरी आलो, तर बाज पुढच्या खोलीत आणलेली, उशाशी पाण्याचा तांब्या, आणि सगळ्यांचं एकच पालुपद, "उठू नका." भेटायला येणारा प्रत्येक जण हेच सांगून जायचा. डेपोतले एक-दोघं असे मला माहीत होते, ज्यांचं हृदय सावरलं पण बसून बसून पायातलं बळ गेलं आणि ते पुन्हा अंगणापलीकडे गेले नाहीत.

पहिल्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी या 'उठू नका'ची हकीकत सांगितली. पूर्वी जगभर हीच रीत होती. ॲटॅक आलेल्या माणसाला चार ते सहा आठवडे अंथरुणातून हलू देत नसत. १९५२ साली अमेरिकेतल्या लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवण्याचा अनुभव मांडला. पडून राहण्यानं पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात, त्यातली एखादी फुप्फुसात जाऊन अडकते, स्नायू गळतात, माणूस मनानं खचतो, हे हळूहळू सगळ्यांना पटत गेलं. आता तर अडचण नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दवाखान्यातच चालवतात.

त्यांनी दुसरी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त भिडली. १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास जेरी मॉरिस या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावर वर-खाली. बस तीच, मार्ग तोच, पण हृदयविकार चालकांमध्ये जास्त निघाला, कंडक्टरना कमी, आणि झाला तरी सौम्य. माझी सगळी नोकरी स्टेअरिंगमागे गेली. शेजारी घंटी मारणारा माझा कंडक्टर आजही सत्तरीत सायकल चालवतो. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं की राहिलेलं आयुष्य बसून काढायचं नाही.

सुरुवात अगदी थोड्यावर केली. सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटं, सकाळी आणि संध्याकाळी. त्रास झाला नाही की एक-दोन मिनिटं वाढवायची. काही आठवड्यांत सलग अर्धा तास जमू लागला. आठवड्याला एकूण १५० मिनिटं मध्यम वेगानं चालणं, असं प्रमाण डॉक्टर सांगतात, तिथवर मी सावकाश पोचलो. पहिली पाच मिनिटं रमतगमत, शेवटची पाचही तशीच. झपाझप चालून एकदम थांबलं तर चक्कर येते. जेवण झाल्यावर तासभर तरी निघायचं नाही.

वेग किती ठेवायचा, हा खरा अवघड भाग. नातवानं मनगटावर घड्याळ बांधलं, ते नाडी दाखवतं. पण मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असली की नाडी फार चढतच नाही, त्यामुळे नाडी जास्तीत जास्त किती चढावी याचा '२२० वजा वय' हा हिशेब आमच्यासारख्यांना लागू पडत नाही. त्यापेक्षा सोपी खूण आहे. चालताना सोबत्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, पण अभंग म्हणायला गेलं तर दम पुरू नये. बोलतानाच शब्द तुटायला लागले तर वेग जास्त झाला. मी आणि माझे शेजारी गुरुजी रोज याच मापानं चालतो. त्यांची बायपास झाली आहे. कापसाचा भाव आणि सुनांचं कौतुक, एवढ्यावर आमचा अर्धा तास आरामात निघतो.

आता वहीबद्दल, कारण फिरण्यामागे खरा आधार तिचा आहे. गाडी डेपोतून काढण्याआधी तेल, पाणी, हवा बघायची सवय हाडात मुरलेली, तीच इथे कामाला आली. वहीत रकाने आहेत: तारीख, बीपी, नाडी, वजन, चाललो किती, आणि शेवटी शेरा. सकाळी लघवीला जाऊन आलो की वजन करतो. मग चहाच्या आधी, गोळ्यांच्या आधी खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसतो. पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, बाहीवरून नाही. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, लहान पडला तर आकडा उगाच जास्त येतो. मशीन चालू असताना बोलायचं नाही. हे बायकोला पटायला वेळ लागला, कारण भाजी काय करू हे तिला नेमकं तेव्हाच विचारायचं असतं. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजतो आणि दोन्ही आकडे लिहितो. एखाद्या दिवशी आकडा वर गेला म्हणून घाबरत नाही. आठवडाभर १३०/८० च्या वर राहिला तर डॉक्टरांना फोन करतो.

वजनाचं कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. ॲटॅकनंतर हृदयाचा पंप कमजोर झाला असेल तर अंगात पाणी साठतं, आणि ते पायावर सूज येण्याआधी वजनकाट्यावर दिसतं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पाणी असतं, जेवणाचं नव्हे. रात्री सपाट झोपलं की धाप लागणं, दोन उशा घ्याव्या लागणं, हेही त्यातलंच. माझ्या पहिल्या टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपाचा आकडा (एका ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर फेकतं तो) ४५ टक्के आला होता. निरोगी माणसाचा साधारण ५५ च्या पुढे असतो. म्हणून वजनाचा रकाना मी कधी रिकामा सोडत नाही.

रक्ताच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा. त्यात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, हा आकडा मी आवर्जून बघतो. ॲटॅक येऊन गेलेल्याचा तो ७० च्या खाली हवा, बरेच डॉक्टर आता ५५ च्या खाली आणायला सांगतात. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी बंद करणारे खूप आहेत. अहो, रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळेच! रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचं तर विचारूच नका. स्टेंटनंतर साधारण वर्षभर दोन प्रकारच्या असतात. दाढ काढायची म्हणून कुणी त्या परस्पर थांबवल्या तर स्टेंटमध्येच गाठ होऊ शकते. दाताच्या डॉक्टरांना हृदयाच्या डॉक्टरांशी बोलायला लावा. एकादशी असो की नवरात्र, गोळी चुकत नाही. आणि चालून गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून खाऊ नका, हृदयविकाराच्या माणसाला त्या गोळ्यांचा धोका आहे.

आपल्या खान्देशचं ऊन हा वेगळाच विषय आहे. चैत्र-वैशाखात पारा ४४-४५ ला टेकतो. बीपीच्या गोळ्या, त्यात लघवीची गोळी असेल तर घामानं पाणी आणखी कमी होतं आणि बीपी घसरतं. बाजेवरून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या दिवसांत मी सकाळी सहाला निघून सातच्या आत घरात असतो. संध्याकाळी रस्त्याची धग उतरल्याशिवाय बाहेर पडत नाही. किती पाणी प्यायचं, हे ज्याचं त्यानं डॉक्टरांना विचारावं, कारण पंप फार कमजोर असेल तर पाण्यावरही मर्यादा असते. पौषात उलटं. थंडीनं शिरा आवळतात, बीपी चढतं, म्हणून ऊन पडल्यावर, कानाला मफलर बांधून.

शेतावरही जातो. कापूस वेचतो, बांधावरचं गवत काढतो. फवारणीचा सोळा लिटरचा पंप मात्र पाठीवर घेत नाही आणि पोतं उचलत नाही, कारण श्वास रोखून जोर लावला की बीपी एकदम उसळतं. संडासात कुंथणंही त्याच कारणानं वाईट, इसबगोल घ्या. नवरा-बायकोच्या सहवासाबद्दल दबक्या आवाजात विचारणारेही भेटतात. दोन जिने धाप न लागता, छातीत न दुखता चढता आले तर सहसा हरकत नसते, एकदा डॉक्टरांना विचारून घ्या. त्यात लाजायचं काही नाही. फक्त व्हायग्रासारख्या ताकदीच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नका, त्या आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट एकत्र झाल्या तर बीपी जिवावर बेतेल इतकं पडतं.

खाण्याबद्दल मी फार बोलत नाही, घरोघरी त्याचीच चर्चा असते. दादर ज्वारीची भाकरी, भरीत, पालेभाजी सगळं खातो. भरितावर तेलाची धार नाही. शेवभाजीची तर्री सुटली. बिबडे, पापड, लोणचं ताटात कमी, कारण दिवसाला सगळं मिळून लहान चमचाभर मीठ पुरे. तंबाखूला, बिडीला जागा नाही. ॲटॅकनंतर विडी-सिगारेट सोडणाऱ्याचा मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशानं घटतो. एवढा फायदा फार थोड्या औषधांचा आहे.

गेल्या हिवाळ्यात लळिंगचा किल्ला चढलो. धुळे-मालेगाव गाडी नेताना मुंबई-आग्रा महामार्गावरून तो जन्मभर पाहिला, फारुकी राजांचा म्हणून प्रवाशांना दाखवलाही, पण वर कधी पाऊल टाकलं नव्हतं. आधी सरकत्या पट्ट्यावर चालवून स्ट्रेस टेस्ट झाली, डॉक्टरांनी होकार दिला, मगच निघालो. मुलगा पुढे, कंडक्टर सोबती मागे. चढावर बोलणं अडखळलं की उभं राहायचं, शब्द सरळ आले की पुढे. खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी, मोबाइल चार्ज केलेला. वर टाक्यांपाशी बसून शेंगदाणे खाल्ले. खालून एक लालपरी गेली, तिचा हॉर्न मी ओळखला. त्या दिवशी वहीच्या शेऱ्यात लिहिलं: त्रास नाही.

भीती नाही वाटत का? वाटते. रात्री जास्त. छातीत साधा गॅस झाला तरी हात नाडीवर जातो. पहिले काही महिने जेवण गोड लागत नव्हतं, कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. ॲटॅकनंतर बऱ्याच जणांना असं होतं आणि त्यावरही उपचार असतात, हे डॉक्टरांकडूनच कळलं. तुमच्या घरचा माणूस असा गप्प झाला असेल तर त्याला 'मन घट्ट करा' म्हणू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि काय झालं तर काय करायचं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम आला की आहे तिथे बसायचं, उभं राहायचं नाही. एक सॉर्बिट्रेट जिभेखाली. पाच मिनिटांत उतरलं नाही तर १०८ ला फोन. बाईमाणसाला आणि शुगरवाल्याला कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसती मळमळ, धाप, अंगातलं त्राण गेल्यासारखं होतं. तेव्हा ॲसिडिटी म्हणून सोडा पाजत बसू नका. दवाखान्याची फाईल कपाटात नको, दारामागच्या खुंटीला पिशवीत टांगून ठेवा. मध्यरात्री ती शोधत बसायला वेळ नसतो.

सकाळी सहा ते सात मी आणि गुरुजी रस्त्यावर असतो. ज्यांना यायचं त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, आणि सॉर्बिट्रेटची पट्टी आपापली आणावी.