बाई, शतृ प्रत्यय आणि एक लॅटिन रूप

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहा, असं पत्र आलं आणि आठवल्या त्या संस्कृतच्या बाई. मैदान, गॅदरिंग, सहली यांवर बाकीचे लिहितीलच. मला बाईंबद्दलच लिहायचं आहे.

नववीत शतृ प्रत्यय, म्हणजे धातूपासून 'करणारा', 'असणारा' अशी रूपं बनवणारा प्रत्यय, सुरू व्हायचा होता. हजेरी घेताना कोणीतरी 'प्रेझेंट बाई' म्हणालं आणि बाईंनी हजेरीपट मिटून खडू उचलला. फळ्याच्या डाव्या बाजूला अस् म्हणजे 'असणे' या धातूचं रूप चालवलं: सन्, सन्तौ, सन्तः. उजवीकडे 'प्रेझेंट'चं मूळ लॅटिन रूप देवनागरीतच लिहिलं: प्राएसेन्स, प्राएसेन्तेम्, प्राएसेन्तिस्. 'प्राए' म्हणजे पुढे, 'सेन्स' म्हणजे असणारा. मग सन्तम् आणि सेन्तेम् यांखाली एकच लांब रेघ. "सन् मध्ये त् गळतो ना? तिकडेही प्रथमेत गळतो आणि द्वितीयेत परत येतो. बघा!" बाई कॉलेजात असताना एका जेझुइट फादरांकडे लॅटिन शिकल्या होत्या. तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावर अगदी ताजा होता.

त्या दिवशी पाठ्यपुस्तक उघडलंच नाही. अभिजात लॅटिनमध्ये 'असणे' या धातूचं हे रूप सुटं वापरत नाहीत. ते प्राएसेन्स, आब्सेन्स (गैरहजर) अशा जोडरूपांत टिकलं. सुटं 'एन्स' सीझरनं वापरल्याचं प्रिस्कियान हा व्याकरणकार सांगतो, आणि पुढे तत्त्वज्ञांनी ते उचलून धरलं. मूळचं जुनं रूप मात्र वेगळ्याच अर्थानं उरलं होतं: सोन्स, सोन्तिस्, म्हणजे अपराधी. गुन्हा करणारा तो 'हाच असणारा'. आणि त्याच मुळातून आलेला आपला शब्द कोणता, असं विचारून बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: संत. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे वाकून बघत होती.

आज मी तौलनिक भाषाशास्त्र शिकवतो. फ्रान्झ बॉपनं १८१६ मध्ये संस्कृत क्रियारूपांची ग्रीक, लॅटिनशी पद्धतशीर तुलना केली, तिथून आमच्या विषयाची सुरुवात मानतात. माझी सुरुवात बाईंच्या फळ्यापासून. नव्या वर्गाला मी पहिल्या दिवशी तेच दोन रकाने लिहून दाखवतो.

आता संस्कृत पैकीच्या पैकी मार्कांसाठी घेतात, याचं फार वाईट वाटतं. रूपं पाठ होतात, पण ती कुठून आली हे सांगायला तासात वेळच उरत नाही. संस्थेनं परवानगी दिली तर दर शनिवारी सकाळी येऊन नववीच्या मुलांना शिकवायची माझी तयारी आहे. मानधन नको, फळा तेवढा मोठा हवा.