भरतीच्या मागोमाग: ऐरोलीची खाडी ते नेरुळचा तलाव

ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला जायचं ठरलं की मी सगळ्यात आधी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती किती वाजता पूर्ण होणार याचा अंदाज येतो. कोकणात हा हिशोब पोराटोरांनाही येतो. माघ वद्य द्वितीयेला रजा टाकली. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडच्या आसपास पूर्ण भरती, सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी आणि मधल्या वेळात पाणी हळूहळू चढत राहणार. बोट चालायला पुरेसं पाणी लागतं, पक्ष्यांना चरायला उघडा चिखल लागतो, आणि हे दोन्ही एकाच वेळी मिळतं ते याच मधल्या तासांत. पण मला त्यापुढचंही बघायचं होतं. खाडी तुडुंब भरली की हे हजारो पक्षी जातात कुठे? म्हणून सकाळी ऐरोली आणि दुपारी नेरुळ असा बेत केला.

ऐरोली स्टेशनला उतरून रिक्षा केली. आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती मागे पडल्या, मग सोसायट्या, मग दिवा कोळीवाड्याकडची घरं. त्यापुढे वन विभागाच्या कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. त्या दिवशी तिथे एका शाळेची सहल आली होती. पाचवी-सहावीची मुलं, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, आणि बाईंच्या हातात हजेरीचा कागद.

ऑगस्ट 2015 मध्ये राज्य सरकारने ठाणे खाडीचा 1,690 हेक्टरचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्यात 896 हेक्टर खारफुटी आहे आणि बाकीचा 794 हेक्टर जलभाग. वरच्या अंगाला ऐरोलीचा पूल, खालच्या अंगाला वाशीचा. 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतरचं हे महाराष्ट्रातलं तिसरं रामसर स्थळ. एका काठावर भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर आणि दुसऱ्या काठावर ऐरोलीपासून वाशीपर्यंतची नवी मुंबई. इतक्या दाट वस्तीच्या मधोमध अभयारण्य असणं ही साधी गोष्ट नाही, आणि या शहरांना त्याचा अभिमान आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

बोटीला वेळ होता म्हणून आधी खारफुटीतल्या पायवाटेवर गेले. दोन्ही बाजूंना तिवर. त्याचं एक पान धरून बघितलं. खालची बाजू करडी-पांढरी, वरच्या बाजूवर मिठाचे बारीक कण चमकत होते. बोट फिरवून जिभेला लावलं, चांगलंच खारट. झाड खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं. खाली चिखलातून बोटाएवढी उभी मुळं वर आलेली, इतकी दाट की पाय ठेवायला जागा सापडू नये. या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच, म्हणून झाड मुळं वर काढून हवेतून श्वास घेतं. एका मुलाने विचारलं, “मुळं वर कशी काय वाढतात?” गाईड ताईंनी त्याला वाकून नीट बघायला सांगितलं. तेवढ्यात दोन निवट्या, चिखलात उड्या मारणारे मासे, एकमेकींसमोर आल्या. पाठीवरचा पंखा ताठ उभा, तोंडं उघडी. एकीने उडी मारून दुसरीला ढकललं आणि दोघी चिखलात दिसेनाशा झाल्या. मग मुळांचा प्रश्न मागे राहिला, मुलं पुढची निवटी शोधायला लागली.

मुळांबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण शहराचा फायदा तिथेच रुजलेला आहे. भरतीचं पाणी या मुळांच्या जाळीतून आत शिरतं तेव्हा त्याचा वेग मरतो. वेग मेला की पाण्यातला गाळ खाली बसतो आणि काठ धरून ठेवला जातो. उधाणाची किंवा वादळाची लाट आली तर तिचा जोर आधी या झाडांवर खर्च होतो, भिंतींवर आणि रस्त्यांवर नंतर. नवी मुंबईच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं. इथले बरेच भाग पूर्वीच्या खाजणांवर, मिठागरांवर आणि खारजमिनीतल्या भातशेतीवर भराव घालून उभे राहिलेत, आणि मोठ्या भरतीच्या पाण्याची पातळी कित्येक ठिकाणी जमिनीपेक्षा वर जाते. म्हणून शहर वसवतानाच धारण तलाव ठेवले गेले. भरतीच्या वेळी पाऊस आला तर पाणी त्या तलावांत साठवायचं आणि ओहोटी लागली की खाडीत सोडायचं. ही सगळी योजना बाहेरची खारफुटी उभी आहे आणि खाडी पाणी घेते आहे, या भरवशावर चालते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीच्या काठची पाणथळ जागा आणि खारफुटी किती बुजवली गेली होती, हे मुंबईला त्या दिवशी गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून कळलं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडण्यावर बंदी घातली. पुढे 2012 मध्ये कांदळवन कक्ष स्थापन झाला.

या चिखलाचं आणखी एक काम आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. खारफुटीचा पालापाचोळा प्राणवायूविना असलेल्या गाळात गाडला जातो आणि कुजायला फार वेळ घेतो. त्यामुळे त्यातला कार्बन दीर्घकाळ तिथेच अडकून राहतो. वाहनांच्या धुरात बुडालेल्या महानगराच्या दारात असं कोठार फुकट मिळालंय.

दहाच्या पुढे बोट सुटली. चालवणारे दादा जवळच्याच गावातले आगरी. खाडीची अक्कल लहानपणापासूनची. अरुंद फाट्यातून बाहेर पडताना दोन्हीकडे खारफुटीच्या भिंती, त्यावर शराटी आणि बगळे, विजेच्या मनोऱ्यावर बसलेला एक कैकर, मासे पकडणारा शिकारी पक्षी. गाईड ताई म्हणाल्या, “या झाडीत सोनेरी कोल्हेपण आहेत, पण दिवसा दिसायचे नाहीत.” मग फाटा संपला आणि खाडी एकदम रुंद झाली. समोर भांडुपचा काठ, मागे इमारतींची रांग, आणि मधल्या उघड्या चिखलावर फिकट गुलाबी पट्टा. जवळ जाईपर्यंत तो पट्टा हलतोय हे कळत नाही.

दादांनी इंजिन बंद केलं. आता आवाज ऐकू यायला लागला, एक सलग बडबड, बदकांसारखी पण खालच्या पट्टीतली. दुर्बिणीतून एक पक्षी निवडला आणि बराच वेळ त्याच्याच मागे राहिले. हा छोटा रोहित, म्हणजे छोटा फ्लेमिंगो, गर्द लालसर चोच असलेला. मान खाली सोडून डोकं पूर्ण उलटं केलं, चोचीचा वरचा भाग पाण्याकडे, आणि पाण्याच्या वरच्या थरात चोच डावी-उजवीकडे फिरवत चालत राहिला. चोचीच्या आत बारीक दातऱ्या असतात. जीभ मागेपुढे करून तो पाणी आत ओढतो, बाहेर टाकतो आणि शेवाळ तेवढं अडवून गिळतो. शेजारी मोठा रोहित होता, उंच, पांढुरका, फिकट चोचीचं टोक काळं. तो चिखलात पाय नाचवून तळ ढवळतो आणि त्यातले किडे, शिंपल्यातले जीव, झिंगे खातो. एकाच जागी दोघांची ताटं वेगळी. मधे काही करड्या रंगाचे होते, ती पिल्लं. गुलाबी रंग खाण्यातल्या रंगद्रव्यातून येतो आणि तो चढायला काही वर्षं जातात.

कच्छच्या रणात घरटी करणारे हे पक्षी 1990 च्या दशकापासून इथे मोठ्या संख्येने यायला लागले. ते इथेच का येतात याचं उत्तर ऐकायला छान नाही. दोन्ही शहरांचं सांडपाणी या खाडीत येतं, त्यातल्या पोषकद्रव्यांवर नीलहरित शेवाळ वाढतं, आणि छोट्या रोहिताचं मुख्य अन्न तेच. म्हणजे शहर खाडीत जे टाकतं त्यातला काही भाग हे पक्षी रोज टिपून नेतात. पण म्हणून घाण सोडत राहा असा अर्थ कुणी काढू नये. शेवाळ वाढवणारं पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. त्याची झळ कोळ्यांना आणि आगऱ्यांना सगळ्यात आधी बसली.

दादांना मी विचारलं, हल्ली काय मिळतं? ते म्हणाले, “आधी जितारा (जिताडा मासा) मिलायचा ताई, मोठा मोठा. आता बोय न चिंबोऱ्या. त्यापन कमी.” ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, खाडी उथळ होत गेली, जाळी रिकामी यायला लागली. खारफुटीच्या मुळांत माशांची, कोलंबीची, चिंबोऱ्यांची पिल्लं वाढतात. ते जंगल राखलं तरच पुढे खाडीत काही उरणार. अभयारण्यामुळे दादांच्या हाताला बोटीचं काम मिळालं, गावातल्या काही पोरांना गाईडचं. जिताड्याची भरपाई त्याने होत नाही, हे मी त्यांच्यासमोर बसून बघितलं. तरी खाडीतलं पिढीजात शहाणपण पगाराच्या कामी येतंय, आणि तेही खाडी न विकता, याचं मोल मोठं आहे. शहरातल्या अभयारण्याचा पहिला हक्कदार त्याच्या काठावरचा माणूसच असला पाहिजे.

पाणी चढत होतं. चिखलाचा पट्टा अरुंद झाला, पक्षी दाटीने एकमेकांजवळ सरकले. दादांनी हात दाखवला, “पानी वर आला ना, का उरतील (उडतील) बघा.” आणि खरंच, कडेची एक तुकडी पाण्यावर धावत उठली, मागोमाग दुसरी. पंख उघडले की आतला लाल आणि काळा रंग एकदम बाहेर येतो. मुलं ओरडायची थांबलीच नाहीत, आणि बाईंनीही त्यांना गप्प केलं नाही.

फ्लेमिंगो लांब पायांचे असले तरी पूर्ण भरतीत खाडीत उभं राहणं त्यांना जमत नाही. तेव्हा त्यांना उथळ, शांत पाण्याची दुसरी जागा लागते. भांडुप उदंचन (पंपिंग) केंद्राजवळच्या पाणथळ जागा, नेरुळ-सीवूड्सकडचे तलाव, या त्यांच्या भरतीच्या वेळच्या विसाव्याच्या जागा. यातल्या बऱ्याच अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. चरायची जागा राखली आणि विसाव्याची बुजवली तर अभयारण्याचा नकाशा तसाच राहील, पक्षी राहणार नाहीत.

ऐरोलीहून पनवेल गाडी पकडून सीवूड्सला उतरले. नेरुळचा हा तलाव म्हणजे इमारती, शाळा आणि खारफुटी यांच्या मधला उथळ पाण्याचा तुकडा, सुमारे 30 एकरांचा. पावणेदोन वाजले होते, खाडी भरलेली. आणि तलावात पक्षीच पक्षी. चरत फारसं कुणी नव्हतं. एका पायावर उभे, मान पाठीवर टाकून झोपलेले. काठावर शेकाटे आणि तुतवारांची लगबग. बाकावर एक आजोबा होते, ते रोज येतात. “अहो, आज कमी आहेत,” ते म्हणाले, “मार्चात या, पाणी दिसायचं नाही.” बाजूच्या इमारतीतल्या दोन बायका जेवण आटोपून आल्या होत्या, एक कॉलेजचा मुलगा वहीत चित्र काढत होता. यातल्या कुणालाही जंगल बघायला ताडोब्याला जायला रजा आणि पैसे लागले नाहीत. घराखाली उतरलं की झालं. दुपारच्या त्या उन्हातही पाण्यावरून येणारा वारा अंगाला बरा वाटत होता.

हाच तलाव 2024 मध्ये सुकत चालला होता. भरतीचं पाणी आत यायचा मार्ग बुजला, पाणी आटलं, शेवाळ कुजलं आणि तिथे फ्लेमिंगो मरून पडले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरजवळ विमानाची धडक बसून चाळीसच्या आसपास फ्लेमिंगो गेले. विसाव्याची जागा गेली की पक्षी दुसरीकडे शोधतात, आणि ती दुसरीकडची जागा विमानांच्या वाटेवर असू शकते. आता नवी मुंबईतही विमानतळ आहे, तेव्हा तलाव राखणं हा निव्वळ पक्षीप्रेमींचा हट्ट उरत नाही. इथले रहिवासी आणि पर्यावरण कार्यकर्ते निवेदनं देत, मानवी साखळ्या करत मागे लागले. 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव करण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. अभयारण्याच्या आधाराला असलेल्या जागेला असं संरक्षण मिळणं ही मोठी गोष्ट आहे. बाकीच्या तलावांनाही ते लवकर मिळायला हवं.

जायचं असेल तर हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे, आणि गर्दी जानेवारीनंतर वाढते. ऐरोलीच्या बोटीची वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते, त्यामुळे बुकिंग आधी करावं आणि वेळ पुन्हा एकदा तपासून घ्यावी. नेरुळच्या तलावाला पूर्ण भरतीच्या तासभर आधी पोचावं. ड्रोन उडवू नये, कुत्रं सोबत नेऊ नये, पक्षी उडावेत म्हणून दगड तर मुळीच मारू नये. आणि तलावाच्या कडेने चक्कर मारताना भरतीचं पाणी आत येतं ती वाट जरूर बघावी. तिथे राडारोडा किंवा गाळ साचलेला दिसला तर फोटो काढून त्याच दिवशी कांदळवन कक्षाला आणि महापालिकेला कळवावं.