पाणी आलं गं!

गाण्याची फुकट बैठक वस्तीत न्यायची आणि लोकांना बोलवायचं, एवढंच आमचं काम. त्यातलं बोलवायचं माझ्याकडे. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं, ते मी लहानपणापासून ऐकत आलेय. तिकीट नाही, पास नाही. दर्शनाला आलेला माणूस सहज टेकतो आणि ख्याल ऐकून उठतो. त्यामुळे फुकट ठेवलं की लोक येतातच, अशी माझी समजूत होती.

ही वस्ती सांगलीत नदीच्या अंगाला. २०१९ च्या पुरानं पाण्यात घातलेली. आठ दिवस आधी दारोदार पत्रकं दिली, 'प्रवेश विनामूल्य' ठळक छापून. एका मावशींनी कागद उलटसुलट बघितला.

"कुठल्या पक्षाचं?"

"कुठल्याच नाही."

"मग शेवटी काय विकनार?"

त्यांचं चुकलं नव्हतं. तिथं फुकट येतं ते निवडणुकीला, नाहीतर भांड्यांच्या स्कीमला.

बैठक समाजमंदिरात ठरली होती. संध्याकाळी तीनचाकी सायकलवरचे एक काका पायऱ्यांशीच थांबले. "तुमचं चालू द्या, मी हितनंच ऐकतो." पाचच पायऱ्या. जागा बघायला मी दोनदा आले होते, दोन्ही वेळा त्याच चढून गेले होते. सतरंज्या उचलल्या आणि खाली पटांगणात टाकल्या.

सहाला तीसेक माणसं जमली. मिरजेहून आलेल्या गायिकाबाई तानपुरा लावत होत्या, तारेखालचा सुताचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत. जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा झंकार, खुलतेय तोच मागून हाक आली, "पाणी आलं गंऽ!" सतरंजी साफ रिकामी झाली. उरले काका, चार पोरं आणि घाम फुटलेली मी. कलाकारांची वेळ विचारली होती, साउंडवाल्याची विचारली होती, पोलिसांची परवानगी काढली होती. नळाची वेळ कुणालाच विचारली नव्हती.

बाई शांत. "भरून येऊ देत की. मी बसलेय."

एका पोरानं विचारलं, "ह्यो भोपळा खरा हाय?" कमरेवर घागर घेऊन निघालेल्या आजी थबकल्या. "खरा न्हाईतर काय? कडू भोपळा त्यो. माझं म्हायेर पंढरपूरकडचं." बाई हसल्या, "तिकडनंच येतो आजी, मिरजेत सतारमेकर तिकडचाच आणतात." आजींनी घागर खाली ठेवली, हात पदराला पुसला, भोपळ्यावर टिचकी मारली आणि कान लावला. "चांगला वाळलाय." मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, असं मी निवेदनात झोकात सांगणार होते. तो कागद पर्समध्येच राहिला.

सव्वासातला नळ गेला. मग माणसं आली ती आधीपेक्षा जास्त, निम्म्या बायकांचे पदर ओले. आजी गल्लीतल्या सगळ्या शेजारणींना घेऊन आल्या आणि त्यांना भोपळा दाखवत बसल्या, यमन सुरू झाला तरी. काका सायकल थेट पहिल्या रांगेला लावून. दहानंतर स्पीकर चालत नाही, म्हणून साडेनऊला अभंगावर आवरलं. पत्रकवाल्या मावशी शेवटपर्यंत होत्या. जाताना म्हणाल्या, "खरंच काय विकलं न्हाई की ओ!"

पुढच्या पत्रकावर वेळ छापलीय, 'नळ गेल्यावर'. पोलिसांच्या अर्जात तेवढं साडेसात लिहावं लागलं.