तिसऱ्या हंगामाची नोंद : उभ्या पिकाचा सौदा

अमेरिकन फुटबॉलचा संघ चालवण्याच्या ‘फुटबॉल जीएम’ या संगणकीय गेममधील माझा तिसरा हंगाम काल रात्री संपला आणि ज्या पळवाटेमागे मी पहिल्या दिवसापासून होतो, ती अखेर साधली. २८व्या क्रमांकाच्या भावाने डेन्व्हरच्या संघाकडून घेतलेली पहिल्या फेरीची पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडण्याची पाळी, प्रत्यक्षात तिसऱ्या क्रमांकावर आली. डॅलस काउबॉइज या खऱ्या संघाने १९९०च्या दशकाच्या आरंभी बनवलेल्या प्रसिद्ध गुणतक्त्यात २८व्या पिकला ६६० आणि तिसऱ्या पिकला २२०० गुण आहेत, यावरून नफ्याची कल्पना यावी.

ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तळाच्या संघाला आधी निवड मिळते. म्हणून पुढील वर्षाच्या पिकचा भाव गेम त्या संघाच्या आजच्या ताकदीवरून लावतो. खेळाडूचा भाव लावताना मात्र तो वय पाहतो. ज्या संघाचा सारा डोलारा ३६ वर्षांच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या मुख्य खेळाडूवर, उभा आहे, त्याची पिक स्वस्त मिळते आणि तो क्वार्टरबॅकही स्वस्तच मिळतो. आधी पिक पदरात पाडून घ्यायची, मग क्वार्टरबॅक; तो गेला की संघ तळाला जातो आणि त्याची पिक वर येते. आमचे काका वडोदऱ्याच्या खंडेराव मार्केटमध्ये धंद्यात असताना शेतातले उभे पीक विकत घेत, त्यांना हा हिशेब समजावला, तेव्हा त्यांनी विचारले, "म्हणजे शेत करपले की तुझे पीक चांगले?" अगदी तसेच.

हा क्रम मी पहिल्या हंगामात उलटा केला होता. क्वार्टरबॅक आधी आणला, आणि पिक मागायला गेलो तर काल दुसऱ्या फेरीच्या दोन पिकवर राजी असलेला संघ आता माझा बचावातला सर्वोत्तम खेळाडू, लाइनबॅकरही मागू लागला. दुसऱ्या हंगामात क्रम बरोबर होता, पण त्या संघाने मोकळ्या, म्हणजे कोणत्याही संघाशी करार नसलेल्या, खेळाडूंतून बऱ्यापैकी क्वार्टरबॅक उचलला, १७ पैकी ९ सामने जिंकले आणि माझी पिक मधेच कुठेतरी लटकली. तेव्हापासून सौद्याआधी मोकळ्या क्वार्टरबॅकची यादी मी डोळ्यांखालून घालतो.

याला लबाडी म्हणणाऱ्यांनी १९८९चा डॅलसच्या हर्शल वॉकर या खेळाडूचा सौदा आठवावा. वॉकरच्या बदल्यात मिनेसोटाच्या संघाने डॅलसला दिलेल्या खेळाडूंना पिक जोडलेल्या होत्या, आणि खेळाडूला सोडून दिले की ती पिक डॅलसची, अशी अट होती. मिनेसोटाला वाटले की डॅलसला खेळाडू हवे आहेत. डॅलसचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांचा डोळा पिकवर होता. प्रत्यक्षातले सरव्यवस्थापकही गाफील राहतात, मग गेमचे काय घेऊन बसलात!

तरीही एका हंगामात एकाच संघाला असे नागवायचे, हे बंधन मी घालून घेतले आहे आणि काठिण्यपातळीही एक पायरी वर नेली आहे. सध्या शिकागोची पिक हातात आहे. त्यांचा क्वार्टरबॅक ३७ वर्षांचा आहे. त्याच्यासाठी ते माझा दुसऱ्या वर्षाचा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, मागत आहेत, आणि रात्रीपासून तो प्रस्ताव पडद्यावर तसाच उघडा आहे.