गाडीत ७ इंची टचस्क्रीनवर डेस्कटॉप लिनक्स : माझा अनुभव

अँड्रॉइड स्टीरिओ न घेता गाडीत पूर्ण कॉम्प्युटरच बसवायचा हे डोक्यात पक्कं होतं, कारण माझं सगळं म्युझिक कलेक्शन, ऑफलाइन नकाशे आणि इंजिनचा डेटा एकाच ठिकाणी आणि माझ्या मनासारखा हवा होता. मिनी-आयटीएक्स (छोट्या आकाराचा कॉम्प्युटर) बोर्ड सीटखाली, डबल डिनच्या (स्टीरिओच्या मोठ्या खाचेच्या) जागेत ८०० बाय ४८० पिक्सेलची टचस्क्रीन, एसएसडी, यूएसबी जीपीएस आणि वर लिनक्सचं डेबियन, त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पॉवर. टच वगैरे नंतरचं. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट असतात पण सेल्फ मारला की क्षणभर व्होल्टेज इतकं खाली येतं की साधा सप्लाय असेल तर कॉम्प्युटर तिथेच रीबूट होतो. म्हणून एम४-एटीएक्स हा गाडीसाठीचा पॉवर सप्लाय लावला, तो ६ ते ३० व्होल्ट इनपुट घेतो. याला बॅटरीची कायमची वायर लागते, ती फ्यूज टाकूनच आणायची, आणि इग्निशनची वेगळी. चावी बंद केली की तो बोर्डाच्या पॉवर बटणाला सिग्नल देतो, सिस्टिम नीट बंद व्हायला वेळ देतो आणि मग करंट पूर्ण तोडतो.

इथे एक गोष्ट नक्की बघा. डेस्कटॉपवर पॉवर बटण दाबलं की बऱ्याचदा "काय करायचं?" असा डायलॉग येतो, गाडीत त्याला उत्तर द्यायला कोणी नसतं, मग वेळ संपते आणि करंट थेट जातो. एक्सएफसीईच्या पॉवर मॅनेजरमध्ये पॉवर बटण थेट शटडाउनवर ठेवलं. शिवाय ओव्हरलेरूट हे पॅकेज टाकून सिस्टिम रीड-ओन्ली केली, म्हणजे लिहिलेलं सगळं रॅममध्ये जातं आणि कधी करंट अचानक गेलाच तरी फाइल सिस्टिम सुरक्षित राहते. गाणी आणि नकाशे डिस्कच्या वेगळ्या भागावर (पार्टिशनवर).

आता स्क्रीन. बहुतेक सेटिंग विंडो ४८० पिक्सेलच्या उंचीत मावतच नाहीत, ओके आणि कॅन्सल बटणं स्क्रीनच्या खाली जातात. आल्ट दाबून विंडो ओढता येते पण त्याला कीबोर्ड पाहिजे, म्हणून सगळं सेटअप मी घरातल्या मॉनिटरवर आणि नंतर लॅपटॉपवरून एसएसएचने (नेटवर्कवरून कमांड देऊन) केलं. टचचं कॅलिब्रेशन एक्सइनपुट या कमांडने, कोऑर्डिनेट मॅट्रिक्स (बोटाची जागा स्क्रीनवरच्या जागेशी जुळवणारे आकडे) एकदा बसला की काम संपलं. फायरफॉक्समध्ये बोट ओढलं की पान सरकायच्या ऐवजी अक्षरं सिलेक्ट होत होती, MOZ_USE_XINPUT2 हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू होताना वाचतो ती सेटिंग) १ केल्यावर नीट स्क्रोल व्हायला लागलं. हे एवढंसं आहे पण यामुळे वापरण्यात खूप फरक पडतो!

एवढं करूनही डेस्कटॉप हा माउससाठीच बनलाय. होव्हरचे (माउस नुसता वर नेला की उघडणारे) मेनू, राइट क्लिक, बारीक बंद करायचं बटण, धक्के खाणाऱ्या गाडीत यातलं काहीच बोटाला सापडत नाही. शेवटी मी डेस्कटॉप दाखवणंच बंद केलं, सुरू झाल्यावर चार मोठी बटणं येतात, नकाशासाठी नॅव्हिट, गाण्यांसाठी कोडी, इंजिनचा डेटा आणि आवाज, टायटलबार सगळ्या काढल्या. नोटिफिकेशन आणि आपोआप अपडेट पूर्ण बंद, कारण नकाशावर वळण बघताना मध्येच चौकट उघडली तर ते खरंच धोक्याचं आहे. ऑनस्क्रीन कीबोर्ड गाडी उभी असतानाच, पत्ता निघायच्या आधी टाकायचा. जीपीएसडीकडून (जीपीएसचा डेटा वाचणाऱ्या प्रोग्रामकडून) वेग मिळतोच, तेव्हा छोटी स्क्रिप्ट लिहून गाडी हलली की कीबोर्ड बंद होतो असं केलंय.

स्पीकरमधून इंजिनच्या आरपीएमबरोबर चढणारी शीळ यायची, ती ऑडिओ वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थिंगमधून येणारा आवाज अडवणारा छोटा डबा) लावल्यावर गेली.

रिव्हर्स कॅमेरा मात्र कॉम्प्युटरला जोडला नाही आणि जोडणारही नाही. तो थेट स्क्रीनच्या दुसऱ्या व्हिडिओ इनपुटला आहे, म्हणजे लिनक्स बूट होत असलं किंवा अडकलं असलं तरी मागचं दिसतं.